निवटीचा तास

सुपरवायझर बाई म्हणाल्या,
उत्क्रांतीचा धडा घरी वाचायला द्या,
उगाच वाद नकोत, पोर्शनही मागे आहे.
मी मान हलवली.
मान हलवणं हेही एक अनुकूलन आहे,
नोकरीत टिकणाऱ्यांचं.

तरी शुक्रवारी तास घेतला.
फळ्यावर ते चित्र मात्र काढलं नाही,
वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंतची रांग,
जणू रांगेच्या शेवटी बक्षीस वाटप आहे.
म्हटलं, अंगठा आणि करंगळी जुळवा,
मनगट जरा आत वाकवा.
त्रेचाळीस मनगटं.
छत्तीसांवर कातडीखाली एक दोरी ताठ उभी राहिली.
सातांवर नाही.
उझैर मुकादम रडवेला झाला,
"बाई, माझी कुठे गेली?"
कुठे नाही रे. बॅट धरून बघ.
बाटलीचं झाकण फिरव. अडतंय काही?
मग फळ्यावर एकच शब्द लिहिला: फरक.
त्या दिवशी दुसरं काही लिहिलं नाही.

मंगळवारी हरेश्वर घरत भेटायला आले,
पोकलेनचे मालक, बूट दाराबाहेर काढून.
"बाई, एकाचं दुसरं होताना
कुणी बघितलंय का?"
प्रश्न चांगला होता. मी वहीत लिहून घेतला,
त्याची त्यांना अपेक्षा नसावी.
विचारलं, शाळेच्या लिफ्टचा खड्डा तुम्हीच खणलात ना?
काय निघालं?
"चिखल. काळा.
आणि कालवांची शिंपली, घमेलीच्या घमेली."
म्हणजे इथे खाडी होती. तुम्ही पाहिली होती?
ते बराच वेळ खिडकीतून
पामबीचवरच्या गाड्यांकडे बघत राहिले.
पटलं की नाही, माहीत नाही.
जाताना म्हणाले,
पोरांना नेणार असाल तर ओहोटीला न्या,
भरतीत काही दिसत नाही.

सारसोळे जेट्टी. सव्वाचारची ओहोटी.
तिवरांची श्वासमुळं चिखलातून वर,
कुणी पेन्सिलींचा डबा उलटा पुरावा तशी.
आणि निवट्या.
मासे असून परांच्या कोपरांवर सरकणाऱ्या,
मध्येच थांबून डोळे आत ओढणाऱ्या,
पुन्हा बाहेर काढून आमच्याकडे बघणाऱ्या.
मला मोह झाला.
बावीस वर्षं मीही हेच सांगत आले,
बघा, असाच एक मासा जमिनीकडे निघाला
आणि पुढे त्याचे आपण झालो.
तोंड उघडलंच होतं,
तेवढ्यात भाविका वैती, जिची आई
याच निवट्या शिरवण्याच्या बाजारात वाट्यावर विकते,
म्हणाली,
"बाई, कुठं निघाली नाय ती.
तिचं घरच हाय इथं. ते बीळ बघा."

बीळ होतं. चिखलाचा कठडा, आत पाणी.
त्रेचाळीस माना वाकल्या, चव्वेचाळीसावी माझी.

वहीतल्या माझ्याच ओळीवर मी काट मारली.
पूर्वज नाही.
चुलत बहीण म्हणा, फार फार लांबची.
आपल्यासारखीच आजची,
आपल्याइतकीच जुनी,
आपल्यासारखं व्हायची तिला काही घाई नाही.
"मग आपली दोघांची आजी कोण?" उझैर.
तिला कुणी पाहिलं नाही.
खुणा ठेवून गेली आहे, खडकांत, हाडांत,
आईच्या पोटातल्या पहिल्या काही आठवड्यांत.
बाकी मला पूर्ण माहीत नाही.
हे वाक्य मी मोठ्याने म्हटलं.
पोरं एकदम जवळ सरकली,
माहीत असलेलं सांगताना कधी सरकली नव्हती.

दैनंदिनीत लिहिलं: धडा घरी वाचायला दिला.
शेरा नाही.

सोमवारी भाविकाने डबा आणला,
लालभडक कालवण, वर कोथिंबीर.
"आई विचारते, बाईंना चुलत बहीण चालते का?"
स्टाफरूममध्ये दार लोटून घेतलं
आणि खाल्लं, बोटं चाटून.
कणा तेवढा झाकणाच्या कडेला लावून ठेवला.
मणके मोजत बसले,
दुसऱ्या हाताने, नकळत,
स्वतःची मान चाचपत.